बशीतल्या काळजाच्या तीन धारा

"टाक म्हणतो ना त्या गोळ्या! नालीत टाक, उकिरड्यावर टाक, पण माझ्या लेकराच्या तोंडात घालू नको आता!"

बिरू एवढ्या जोरात वरडला की मंगल कार्यालयातली दोन-अडीचशे माणसं टीव्ही बघायची सोडून त्याच्याकडं बघायला लागली. कासाबाईनं गोळ्यांची पुडी कमरेला खोचली आणि वरून हात ठेवला.

"घ्या की," ती नवऱ्याला म्हणाली. "हात लावून बघा फकस्त."

बिरूनं हात लावला न्हाई. बारा वर्षं संसार केला होता, तेवढी अक्कल त्याला आली होती.

भांडण कशावरून, ते आधी सांगायला पाहिजे. पिंगळीला स्टेशनच्या मागं जे मंगल कार्यालय हाय, तिथं पंधरा दिवसांपासून डॉक्टर सूक्ष्मानंद उतरले होते. भगवा कोट. म्हणजे कोट डॉक्टरचा, रंग महाराजाचा. दोन्ही गिऱ्हाईकं सांभाळायची सोय. स्टेजवर एक काचेची बशी, बशीखाली लाईट, वर स्टँडला मोबाईल लावलेला आणि मोबाईलचं चित्र मोठ्या टीव्हीवर. त्या टीव्हीत गुलाबी पाण्यात मोहरीएवढा लाल ठिपका. ठिपका उडायचा. थांबायचा. परत उडायचा. स्पीकरमधून आवाज यायचा, लब-डब, लब-डब.

"माते, हे काय आहे?" सूक्ष्मानंदांनी इचारलं होतं.

"ठिपका," कासाबाई म्हणाली.

"हे तुझ्या बाळाचं काळीज आहे! स्टेम म्हणजे खोड. खोडाला फांदी फुटते, फांदीला फळ लागतं. तसं आम्ही याच्या रक्ताच्या एका थेंबातून खोड काढलं, खोडाला काळीज लावलं. अमेरिकेला तीन महिने लागतात. आम्हाला तीन दिवस. का? कारण त्यांच्याकडे यंत्र आहे. आमच्याकडे यंत्र आणि मंत्र आहे!"

टाळ्या. आता हे ऐकून कोणीतरी हसायला पाहिजे होतं का न्हाई? कोणी हसलं न्हाई. कासाबाईच्या शेजारी बसलेल्या चतुराबाईनं तर टीव्हीला हात जोडले.

मग चेल्यानं स्टीलच्या थर्मासमधला 'पेशीअर्क' सुई नसलेल्या सिरिंजनं बशीत सोडला. ठिपका असा पळायला लागला, जशी काय यष्टी सुटायली. परत टाळ्या. मग सूक्ष्मानंदांनी कासाबाईच्या लेकराची, रामप्रसादची, एक गोळी मागून घेतली, ग्लासातल्या पाण्यात चुरली आणि ते पाणी दुसऱ्या सिरिंजनं सोडलं. ठिपका हळू झाला. आणखी हळू. थांबला.

लब-डब मात्र आणखी तीनदा वाजलं. मग चेल्यानं धावत जाऊन बटण दाबलं.

कासाबाईनं ते ऐकलं. पण तिच्या छातीत त्यावेळेला दुसरंच काहीतरी थांबलं होतं. लेकराचं काळीज तिच्या डोळ्यांदेखत थांबलं होतं, आणि थांबवणारी गोळी ती दीड वर्षं रोज जेवणानंतर स्वतःच्या हातानं देत होती.

रामप्रसाद नऊ वर्षांचा. पोटऱ्या पैलवानासारख्या फुगलेल्या, पण त्यात ताकद न्हाई. खाली बसला की उठताना आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहायचा. परभणीच्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, "मावशी, हा स्नायूंचा आजार आहे. बरा होत नाही. ही गोळी त्याचं चालणं दोन-तीन वर्षं लांबवेल. पण मनानं एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल."

आणि सूक्ष्मानंद म्हणत होते, आजच बंद करा. फी म्हणून दोन शेळ्या आणून बांधा, गुरुवारपासून अर्क चालू. दोन कोणत्या, ते बिरूनं ठरवून पण टाकलं होतं.

"तू बघितलं ना डोळ्यानं?" बिरूचा आवाज आता बसला होता. "थांबलं ना ते?"

"बघितलं."

"मग?"

कासाबाई स्टेजकडं वळली. "महाराज, आणखी एकदा दाखवा."

मागच्या माणसांनी माना उंचावल्या.

सूक्ष्मानंद हसले. "माते, विज्ञान एकदाच बोलतं."

"बोलू द्या की. आमी शेरडं पाळणारी माणसं हाव. एका धारंवर आमी शेळी घेत न्हाई."

मागून हसू आलं. हॉलमधली अर्धी माणसं शेळ्या-मेंढ्यांवाली होती, त्यांना सांगायची गरज न्हाई. पण ज्यांना शेळी फक्त ताटात भेटती, त्यांच्यासाठी सांगतो. बाजारात दुभती शेळी विकायची असली की विकणारा आदल्या दिवसापासून धार काढत न्हाई. थानं तुंबवतो. गिऱ्हाईकासमोर काढली की तांब्याभर दूध. घेणारा खूश. घरी नेली की दुसऱ्या दिवशी वाटीभर. म्हणून जाणतं माणूस शेळी दोन दिवस बांधून घेतं, आपल्या हातानं तीनदा पिळतं, मगच सौदा. पूर्णेच्या बाजारात कासाबाईचा बाप म्हणायचा, पहिली धार विकणाराची, दुसरी घेणाराची, तिसरी शेळीची.

"बराबर हाय," व्यंकटी आबा पुढच्या खुर्चीतून म्हणाला. हा गावातला सगळ्यात म्हातारा, आणि सूक्ष्मानंदांचा पहिला भक्त. गुडघे दुखायचे त्याचे. "घ्या की महाराज तीन धारा. तुमाला काय भ्या हाय?"

भक्तानंच म्हटल्यावर महाराज काय करणार? सूक्ष्मानंदांनी डोळे मिटले, उघडले, तारीख दिली. तीन दिवसांनी. रक्ताच्या तीन बाटल्या, कोणाच्या बी, आजच आणून द्यायच्या.

"तवर गोळी चालू," कासाबाई नवऱ्याला म्हणाली.

"तवर," बिरू म्हणाला. "एक दिवस जास्त न्हाई."

रक्त काढायला दीपिका आली. ही बिरूच्या भावाची पोरगी, परभणीला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. पिंगळीच्या स्टेशनवरनं रोज जाणं-येणं. बोलण्यात तिखट.

"काकू, तीन दिवसांत काळीज? आमच्याकडं थायरॉईडचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतेत!"

"म्हंजी सगळं खोटंच का ग?"

दीपिकानं पिशवी खाली ठेवली. "न्हाई, तीच तर गंमत हाय. मोठ्या प्रयोगशाळेत हे खरंच करतेत. माणसाच्या रक्तातली पेशी घेतेत, तिला मागं नेऊन पोटातल्या गर्भासारखी कोवळी करतेत, आन् मग तिच्यापासून काळजाच्या पेशी वाढवतेत. बशीत ठोके बी पडतेत. आजार कसा होतो ते त्या बशीत बघतेत. पण महिने लागतेत, काकू. आन् एक खोट हाय. त्याच माणसाच्या पेशी, आज एका बशीत असं दिसतं, उद्या दुसऱ्या बशीत तसं. ह्या लॅबमधी जमलं ते त्या लॅबमधी जमत न्हाई. मग ते लोक डोकं धरून बसतेत, परत करतेत, दुसऱ्या गावच्या लोकाला करायला लावतेत. बाटलीवर कुणाचं नाव हाय तेबी बघणाराला सांगत न्हाईत. सगळीकडं तेच आलं तर मग पुढचं बोलणं. एका बशीवरनं कोणी कोणाच्या गोळ्या बंद करत न्हाई."

कासाबाईनं मान डोलवली. "म्हंजी ते बी तीन धारा काढतेत."

"तीन? तीस काढतेत."

"मग असं कर. रक्त रामप्रसादचंच घे. पण तीन बाटल्यात घाल. अन् नावं तीन टाक."

दीपिकानं काकूकडं बघितलं. चौथी नापास बाई. पोरीनं सिरिंज काढली.

एक बाटली, रामप्रसाद, वय नऊ. दुसरी, भारत, वय पस्तीस, ऊसतोडीचा मुकादम. तिसरी, कमलबाई, वय सत्तर, गुडघेदुखी. भारत आणि कमलबाई दोघं बी गावात होते, दोघांना इचारून नाव घेतलं होतं. रामप्रसादनं एकदाच "माय ग" केलं, मग बाटल्या मोजल्या आणि इचारलं, "तिन्ही माझ्याच?"

"तुझ्याच. पण बोलायचं न्हाई."

"कोणालाच?"

"शेळ्यांना सांग."

त्याच दिवशी दुपारी महाराजांचा दाढीवाला चेला गल्लीत अंडी हुडकत आला. कासाबाई नेमकी खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवायच्या तयारीत होती. टोपलीत पंधरा अंडी, प्रत्येकावर कोळशाची रेघ. कोंबडी बसल्यावर दुसरी एखादी येऊन मधीच अंडं घालती, ते ओळखू यावं म्हणून ही रेघ. खेड्यात सगळ्याच बाया मारतात.

"गावरान का?" चेल्यानं इचारलं.

"मग काय दुकानातली?"

"घरी कोंबडा आहे ना?"

"त्यो काय, पांदीला फिरायलाय. का?"

"काही नाही. सहा द्या. ताजीच ना?"

ताजीच होती. सहा दिली. उरलेल्या नऊवर कोंबडी बसवली. चेला गेला आणि कासाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. अंडं खाणाराला कोंबड्याचं काय करायचं? भुर्जीला कोंबडा लागत न्हाई. कोंबडा लागतो पिल्लू निघायला.

एवढं मनात आलं. पण पुढं जाईना. अंड्याचा आणि लेकराच्या काळजाचा काय संबंध? तीन दिवस तिनं गोळी दिली. बशीतला ठिपका थांबलेला तिला सारखा दिसायचा. बिरू समोर बसून नुसता बघायचा. ते भांडणापेक्षा वाईट.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोंबडी अंड्यावरून दाणा टिपायला उठली, तेव्हा कासाबाईनं एक अंडं उचललं. ताटलीत फोडलं. पार गार होईपर्यंत बघितलं. मग आणखी एक उचलून पदरात बांधलं आणि कार्यालयाकडं निघाली. रस्त्यात दीपिका भेटली, तिला सोबत घेतलं.

गर्दी पहिल्यापेक्षा जास्त. तीन धारांची बातमी आजूबाजूच्या चार गावांत गेली होती. वालूरहून एक जीप आलेली. मागच्या बाजूला चहाची किटली उकळायलेली, त्याच्याच पलीकडं कचऱ्याचा ढीग. कासाबाई चहावाल्याला काहीतरी बोलली, ढिगाजवळ वाकली, काहीतरी उचललं आणि पुढं येऊन बसली.

सूक्ष्मानंदांनी पहिली बशी काढली. "रामप्रसाद! अरेरे. आधीपेक्षा कमजोर. माते, गोळ्या चालूच ठेवल्यास ना? काळीज बोलतं बरं का, लपत नाही."

बिरूनं मान खाली घातली.

दुसरी बशी. "भारत! वा! हे वाघाचं काळीज. मुकादमाला शोभेल असं. ठोका बघा, कसा हुकूम सोडतोय."

खुर्चीत बसलेल्या भारत मुकादमानं नकळत छाती फुगवली. त्याला खरं माहीत होतं, तरी फुगवली.

तिसरी. "कमलबाई. वार्धक्य. ठोका येतो, पण कुरकुरत येतो. जशी गुडघ्याची वाटी. पण घाबरू नका, अर्क आहे."

"झालं?" दीपिका उभी राहिली. "महाराज, तिन्ही रक्त एकाच पोराचं हाय. रामप्रसादचं. मी काढलंय. भारत मामा आन् कमल आजी हितंच बसलेत, त्यांना इचारा सुई टोचली का."

"मला न्हाई टोचली," कमलबाई म्हणाली. "पण गुडघे दुखतेत ते खरं हाय."

हसू फुटलं. सूक्ष्मानंद मात्र पक्का गडी. त्यांनी हात वर केला. "शांत! अज्ञानी माणसाला हेच कळत नाही. एकाच माणसाच्या पेशी वेगवेगळ्या बशीत वेगवेगळ्या वागतात! जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळेत हेच होतं. जाऊन वाचा!"

"होतं," दीपिका म्हणाली. "म्हणूनच ते लोक अर्क विकत न्हाईत."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पण टीव्हीवर तिन्ही ठिपके उडतच होते. डोळ्याला दिसणारं कसं नाकारायचं? व्यंकटी आबा म्हणाला, "नावाचं चुकलं आसंल बाबा. पण काळीज तर हाय ना ते? उडायलंय की!"

तेव्हा कासाबाई स्टेजवर चढली. चेला आडवा आला, तिनं त्याला कोपरानं असा बाजूला केला जसा बोकड करतात. आधी थर्मासमधला अर्क मनगटावर घेतला. मग कमरेच्या पुडीतली एक गोळी स्टेजवरच्या ग्लासातल्या पाण्यात चुरली आणि बोट बुडवलं. आई मेलेल्या करडाला बाटलीनं दूध पाजताना ती रोज असंच बघायची, ऊन हाय का गार.

"अर्क कोमट हाय," ती म्हणाली. "गोळीचं पाणी बर्फासारखं हाय. हात लावून बघा, आबा."

व्यंकटी आबानं बोट बुडवलं आणि झटकन काढलं. "गार हाय की लय."

चहावाला पोचला, हातात गरम पाण्याचं भांडं. कासाबाईनं गोळीच्या पाण्याचा ग्लास त्यात ठेवला, कोमट होऊ दिला. तेवढ्यात दीपिकानं टेबलाखाली सापडलेल्या चेल्याच्या डब्यातल्या बर्फात अर्काची सिरिंज गार केली. मग पहिल्या बशीत अर्क सोडला. गार अर्क.

ठिपका हळू झाला. आणखी हळू. थांबला.

"अर्कानं मारलं," कासाबाई म्हणाली. "आता गोळी."

कोमट केलेलं गोळीचं पाणी सोडलं. एकदा. दोनदा. ठिपका हालला, थबकला, आणि मग पळायला लागला. अशी यष्टी सुटली की थांबायचं नाव न्हाई.

"परत कर," बिरू खालून म्हणाला. "परत करून दाव."

दुसऱ्या बशीत केलं. तेच. तिसरीत केलं. तेच. तीन धारा झाल्या. गोळी मारत नव्हती, अर्क तारत नव्हता. ऊन लागलं की पळायचं, गार लागलं की थांबायचं. बास.

"आन् हे काळीज कुणाचं ते बी सांगते." कासाबाईनं पदराची गाठ सोडली. अंडं ताटलीत फोडलं आणि मोबाईलखाली धरलं. टीव्हीवर पिवळ्या बलकावर रक्ताच्या बारीक रेघा, आणि मधोमध मोहरीएवढा लाल ठिपका. उडायचा. थांबायचा. परत उडायचा.

मग तिनं कचऱ्यातनं उचललेलं टरफल दाखवलं. त्यावर कोळशाची रेघ. तिच्या हातची.

"तीन दिवस ऊब लागलेलं अंडं. ह्यांनी पेटीत बल्बाखाली ठिवलं आसंल, मी कोंबडीखाली. बलकापास्न कातरून काढायचं, मिठाच्या कोमट पाण्यात सोडायचं, वरनं आपल्याच रक्ताचा थेंब गुलाबी करायला. माझ्या लेकराचं काळीज म्हणून मला कोंबडीचं पिल्लू दावलं. आन् मी रडले."

व्यंकटी आबा टीव्हीकडं बघत बसला होता. "आयला," तो हळूच म्हणाला. "हे तर आमी लहानपणापास्न बघतो. खराब अंडं फोडलं की दिसतं."

सगळ्यांनीच बघितलेलं होतं. हॉलमधल्या एकूण एक बाईनं. फक्त काचेच्या बशीत, खालून लाईट लावून, इंग्रजी बोलत कोणी दाखवलं नव्हतं.

सूक्ष्मानंद कोटाची बटणं लावायला लागले. "आमची नांदेडला सभा आहे. आम्हाला निघायला हवं."

"बसा की महाराज," भारत मुकादम दारात उभा राहत म्हणाला. "वाघाचं काळीज हाय माझं. तुमीच म्हणले." दीपिकानं पोलिसांना फोन केव्हाच केला होता. मागं बांधलेल्या शेळ्या ज्याच्या त्याला ओळखून सोडायचं काम सुरू झालं.

बिरू स्टेजपाशी आला. बायकोकडं बघितलं न्हाई, ताटलीतल्या ठिपक्याकडं बघितलं. तो पण आता हळू होत चालला होता.

"मग आपला राम कशानं बरा व्हईल?" त्यानं इचारलं.

शेळ्या सोडायला निघालेली माणसं दारातच थांबली.

"व्हणार न्हाई," कासाबाई म्हणाली. "डॉक्टर पहिल्याच दिवशी तोंडावर बोलला तसं. ही गोळी बरं करत न्हाई, चालणं लांबवती. कितीक पोरांना दिली, ठिकठिकाणी दिली, परत परत मोजलं, तवा कुठं एवढंच म्हणायची त्यांची हिंमत झाली. एवढंच. जो माणूस एवढंच म्हणतो, त्याचं मी ऐकते. जो सगळंच देतो म्हणतो, त्याला आपण म्हणायचं, परत दाव. माझ्यासमोर दाव, नाव झाकून दाव, दुसऱ्याच्या हातानं दाव. शेळी घेताना जेवढी अक्कल वापरतो, तेवढी लेकरासाठी वापरा. जास्त न्हाई मागत मी."

तिनं कमरेची पुडी काढली, एक गोळी बिरूच्या तळहातावर ठेवली. रामप्रसाद पायरीवर बसून भाकर खात होता. बिरू त्याच्यापाशी उकिडवा बसला, आणि दीड वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या हातानं गोळी दिली. रामप्रसादनं गिळली. मग गुडघ्यावर हात ठेवला, मांडीवर हात ठेवला, आणि उठला.

"आन् त्या अर्कात काय होतं वो, कासाबाई?" चतुराबाई मागं लागली. "आन् त्यो मंतर? आन् माझ्या सुनंला..."

"दीपिकाला इचारा सगळं. शेळ्या सकाळपास्न कोंडलेल्या हायती, धारंची येळ झाली. मी निघते आता."